देवाला प्लॉट मिळाला, सोयरीक राहिली

गेली सहा-सात वर्षं आमच्या गावच्या यात्रेची पत्रिका माझ्याकडे तपासायला येते. गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. पण ही पत्रिका गावच्या यात्रेची नाही. कळंबोलीत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनी इथे जानाईचं छोटं देऊळ बांधलंय, त्याच्या वर्धापनदिनाची ही पत्रिका. मंडळातली बहुतेक माणसं लोखंड बाजारात माथाडी. मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो, म्हणून शुद्धलेखनाचं काम माझ्याकडे. "मास्तर, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघा," म्हणून तात्या प्रूफ पाठवतात. मी "पुजा"चं "पूजा" करतो, "आर्शिवाद"चं "आशीर्वाद" करतो आणि परत पाठवतो.

पहिल्याच वर्षी मानकऱ्यांच्या यादीशी थांबलो होतो. पालखीचा मान अमक्या पाटलांचा, गुरवाचा मान तमक्याचा, कुंभाराच्या घरचा दिवा, सुताराच्या घरचा पाट, परटाच्या पायघड्या. गावात जो क्रम होता तोच. फक्त एक नाव नव्हतं. मुलाण्याचं. म्हणजे आमचं. ज्या घरावाचून गावाकडे यात्रेचा दुसरा दिवस उगवत नव्हता, ते घर या यादीत नव्हतं, आणि त्याच घरातला माणूस यादीतल्या वेलांट्या दुरुस्त करत बसला होता. मी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि प्रूफ पाठवून दिलं.

घाटावरच्या वाचकांना मुलाणी कोण हे सांगायला नको, पण मुंबईत वाढलेल्यांसाठी सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात गावकामगारांच्या काही याद्यांत मुलाणाही येतो. गावच्या पिरापुढे दिवा लावायचा, मशीद झाडायची आणि गावातलं बकरं, कोंबडं कापायचं हे त्याचं काम. यात्रेचा पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा तिखटाचा. त्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, सुरी घेऊन निघायचे ते दुपारी परतायचे. पाटलांचं बकरं आधी, मग नवसाची, मग बाकीची. मुलाण्याच्या हातचं नसेल तर कितीतरी मराठा घरं ते मटण खात नसत. नवस जानाईचा, बकरं मराठ्याचं, सुरी मुसलमानाची. यात वेगळं काही चाललंय असं तिघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

दादांना कुणी विचारलंच नाही असंही नाही. मी बीएड करत असताना, नवा नवा शहाणा झालो होतो तेव्हा, मीच विचारलं. देवीच्या नावानं सोडलेलं जनावर आपण कसं कापायचं? अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावावर कापलेलं हराम आहे, हे कुराणात स्पष्ट आहे. दादा आमच्या दख्खनीत म्हणाले, "मेरी बिस्मिल्ला मेरे कने, उनका नाव उनके कने." उत्तर फिकहच्या कसोटीवर टिकणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहायचं असेल तर कसं राहावं, याचं ते उत्तर होतं, हे कळायला मला कळंबोलीत यावं लागलं.

दोन वर्षांनी मी तात्यांना विचारलंच. तात्या वडीलधारे, माझ्या अब्बांचे सोबती. ते खजील झाले, पण खोटं बोलले नाहीत. "अरे बाबा, इथं बकरं कुठं कापायचं? बाजूला सोसायटी. त्यांची बाई म्हणली, वास आला तर तक्रार करणार. मग देवीला आता पेढ्याचाच निवद. भटजी बोलावून होमबी करतो. कापायचंच नाही म्हटल्यावर मुलाण्याला कशाला तरास?" कुणी कट केला नव्हता, कुणाच्या मनात द्वेष नव्हता. देवी शहरात येऊन शाकाहारी झाली आणि तिचा मुलाणी आपोआप रजेवर गेला.

याचा मी खूप विचार केला. शहरात आल्यावर धर्म बदलतो असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे मोठमोठी भांडणं येतात, भोंगे, मिरवणुका, दगड. खरा बदल अशा बारीक जागी होतो. जानाईचं काय काय बदललं बघा. गावाकडे ती शेंदराचा तांदळा होती, नाक-डोळे नव्हते. इथे संगमरवरी मूर्ती आहे, वाघावर बसलेली. गावाकडे तिला गुरव पुजायचा, इथे तिथी बघून भटजी येतो. गावाकडे तिचं कुणीतरी वाकडं असायचं, कुणाच्या अंगात यायची, कुणाला खडसावायची. इथे ती सगळ्यांना नुसता आशीर्वाद देते. म्हणजे ती जानाई राहिली नाही, "देवी" झाली, आणि "देवी" म्हणजे फक्त हिंदूंची.

हा बदल परत गावाकडेही जातो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कुठल्याही गावात जा, जुनं लाकडी खांबांचं, दगडी ओट्याचं देऊळ पाडून तिथे सिमेंटचा कळस आणि आत गुळगुळीत टाइल्स दिसतील. भिंतीवर देणगीदारांची पाटी असेल आणि पाटीवर "मुंबईकर मंडळी" वर असतील. पैसा मुंबईतला, म्हणून नमुनाही मुंबईतला. आमच्या गावच्या जीर्णोद्धारात देवळामागचा एक ओटा गेला. पालखी निघण्याआधी त्या ओट्यावर पिराच्या नावानं ऊद जळायचा. तो कुणी मुद्दाम काढला नाही. आर्किटेक्टच्या नकाशात तो नव्हता.

आता कुणी म्हणेल, मास्तर, देव एका जागी बसून राहतात असं तुम्हाला वाटतं काय? नाही. देव माणसांपेक्षाही फिरस्ते. धर्मानंद नव्हे, त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासचे माळ पायी तुडवून लिहून गेले की जुन्या पायवाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आयांची ठाणी सापडतात. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांबरोबर फिरले. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा घ्या. तो मूळचा तिथला नाही. मराठवाड्यातल्या सोनारीचा भैरव आपल्या कमळाजी नावाच्या धनगर भक्ताच्या मागे वीरला आला, अशी कथा आहे. म्हणजे आमचे माथाडी गावकरी जानाईला कळंबोलीत आणतात यात नवीन काही नाही. मेंढरांमागे देव आले, आता लोखंडामागे आले.

पण वीरला आल्यावर म्हस्कोबानं काय केलं? लग्न केलं. माघ पौर्णिमेला जोगूबाईशी त्याचं लग्न आजही दरवर्षी लागतं. जेजुरीचा खंडोबा तर याबाबतीत उस्ताद. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बानू धनगराची, आणखी एक शिंपीण, एक माळीण. पाचवी चांदाई. तिला कुणी तेलीण म्हणतात, आणि मुसलमान तिला आपली लेक मानतात. आपल्याकडचे जुने मुसलमान त्याला मल्लूखान म्हणत आले ते उगाच नाही, जावयाला नाव ठेवायचा हक्क सासुरवाडीला असतोच. या कथा खऱ्या की खोट्या, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. बाहेरून आलेल्या देवाला नव्या मुलखात राहायचं तर तिथल्या कुणाशी तरी नातं जोडावं लागत होतं, एवढं त्या सांगतात. नातं म्हणजे रुसवे-फुगवेही आले, मानपान आला. म्हाळसा आणि बानूचं भांडण वाघ्या-मुरळी रात्रभर गातात. पण भांडायला तरी एका घरात असावं लागतं.

कळंबोलीत देवाला सोयरीक करावी लागत नाही. त्याला प्लॉट मिळतो.

सिडको 1970 साली स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. त्यातलं कळंबोली हे गोदामांचं, ट्रकांचं आणि कामगारांचं उपनगर. मुंबईत गोदीजवळ असलेला लोखंड-पोलादाचा बाजार इथे आणला, ट्रक टर्मिनल आलं, पुढे पुण्याच्या द्रुतगती मार्गाचं तोंड इथेच उघडलं. ट्रकांबरोबर पंजाब-हरियाणाची माणसं आली, बाजाराबरोबर घाटावरचे माथाडी आले, बांधकामाबरोबर कर्नाटक-तेलंगणाचे, उत्तर प्रदेश-बिहारचे आले. मराठवाड्यातून आले, खानदेशातून आले. येताना प्रत्येकानं आपला देव, आपला गुरू, आपला पीर आणला. सिडकोच्या आराखड्यात धार्मिक वापराचे भूखंड असतात, त्यांसाठी नोंदणीकृत संस्था अर्ज करतात, पैसे भरतात. ज्यांना ते जमत नाही ते नाल्याच्या कडेला, पिंपळाखाली, पंपहाउसच्या भिंतीला टेकून आपापलं ठाणं करतात. एका किलोमीटरच्या फेरीत मला गुरुद्वारा, विहार, साईबाबांचं मंदिर, मारुती, मशीद, पत्र्याच्या शेडमधली प्रार्थना एवढं सगळं भेटतं. छठला साठलेल्या पाण्याच्या काठी बिहारी बायका उभ्या राहतात तेव्हा सूर्य आमच्या सेक्टरमध्येही तेवढाच सुंदर मावळतो. हे वैभव आहे. मी ते नाकारत नाही.

फक्त यातल्या कुणालाही शेजाऱ्याची गरज लागत नाही. प्रत्येक देऊळ एका प्रांताचं, एका भाषेचं, बऱ्याचदा एका जातीचं. आणि जो देव गावाकडे शेजाऱ्याचा सोयरा होता तो इथे येताना सोयरे मागे ठेवून येतो. केरळात शबरीमलाला जाणारा भक्त वाटेत एरुमेलीला वावरच्या मशिदीत थांबतो. वावर हा अय्यप्पाचा मुसलमान सोबती. नवी मुंबईत अय्यप्पाचे भक्त माझे शेजारी आहेत, काळे कपडे घालून व्रत करतात, इरुमुडी बांधतात. वावरबद्दल मला त्यांच्याकडून नाही, पुस्तकातून कळलं. उलव्यात सिडकोनं तिरुमला तिरुपती देवस्थानाला सुमारे 10 एकर जागा दिली, 7 जून 2023 रोजी भूमिपूजन झालं. त्या जागेच्या पर्यावरणाचा वाद आहे, तो वेगळा. मला आठवतं ते आंध्रातलं कडपा. तिथे देवुनी कडपच्या व्यंकटेशाच्या देवळात उगादीला मुसलमान बायाबापड्या नारळ-हळदकुंकू घेऊन जातात, कारण बीबी नांचारी ही त्यांची लेक आणि व्यंकटेश त्यांचा जावई. उलव्याचं देऊळ उभं राहील तेव्हा बालाजी येईल, पद्मावती येईल. बीबी नांचारीसाठी त्या 10 एकरांत कोपरा निघेल का, मला शंका आहे.

साईबाबांचं तर काय बोलावं. आयुष्य मशिदीत काढलेला फकीर. चौकाचौकात त्याचं मंदिर आहे. त्या मंदिरांत द्वारकामाईचं चित्र शोधून बघा.

एवढं वाचून माझे काही वाचक खूश होतील की मास्तरांनी हिंदू समाजाला बरं सुनावलं. थांबा. आपल्या मोहल्ल्यात काय वेगळं झालंय?

अम्मी आमच्याकडे राहायला आली त्या वर्षीची गोष्ट. माझ्या मुलाचा ताप उतरला म्हणून तिनं गुरुवारी मलिदा केला. गव्हाच्या रोट्या कुसकरल्या, गूळ-तूप घातलं, ऊद लावला, गावच्या पिराच्या नावानं फातिहा दिली आणि ताटली घेऊन जिन्यावरच्या चार घरी निघाली. गावाकडे अशी ताटली आली की मराठ्याची म्हातारी ती कपाळाला लावून घ्यायची. इथे पहिल्याच दारातली बाई नमाजी, पडद्याची, उत्तरेकडची. तिनं ताटली हातात घेतली नाही. "खाला, ये बिदअत है," म्हणाली. उद्धटपणा नव्हता, उलट कळवळा होता, अम्मीच्या आखिरतची काळजी होती. पुढच्या दारी एक मराठी कुटुंब. तिथली सून गोंधळली. मुसलमानांचा प्रसाद घ्यायचा की नाही हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं घेतला, पण दार लावताना तिचा चेहरा मी पाहिला. अम्मी घरी आली, ताटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "हितं पीर नाही चालत वाटतं." त्यानंतर तिनं मलिदा केला नाही.

मलिद्याची आणखी एक गंमत सांगतो. हाच मलिदा, याच नावानं, कोकणातले बेने इस्राईल ज्यू करतात, एलिया पैगंबराच्या नावानं. पनवेलमध्ये त्यांचं एकोणिसाव्या शतकातलं बेथ एल सिनेगॉग उभं आहे. मंडळी बहुतेक इस्राईलला गेली, मलिदा बरोबर नेला. माझ्या वर्गात मी मुलांना सांगतो की हा शब्द फारसी, अर्थ चोळलेला, मळलेला. आणि यात्रेत गुळाची शेरणी वाटतात ती फारसी शीरीनी, गोड पदार्थ. पिराचा गलेफ म्हणजे गिलाफ. भाषेनं सोयरिकी जपल्या आहेत. शब्दकोशातून त्या कुणी काढल्या नाहीत, बहुधा शब्दकोश कुणी उघडत नाही म्हणून.

तर आपल्या मशिदींतही आता प्रांतच आहेत. नमाज एकत्र, चहा वेगवेगळा. आझमगडचे वेगळे उभे राहतात, कलबुर्गीचे वेगळे, आम्ही घाटी वेगळे, आणि पनवेल-तळोज्याचे मूळचे कोकणी मुसलमान आम्हा सगळ्यांकडे भाडेकरूंकडे बघावं तसं बघतात. त्यावर देवबंदी-बरेलवी आहेच. पुस्तकातला इस्लाम सगळ्यांना जोडतो हे खरं, आणि म्हणूनच तो शहरात लवकर रुजतो, त्याला गाव लागत नाही. पण गावच्या पिराला गाव लागतं. मी स्वतः नमाजी माणूस आहे, कबरीपुढे डोकं टेकत नाही. तरी अम्मीची ती परत आलेली ताटली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता कागदाचं बघू, कारण शहर म्हणजे शेवटी कागद. गावच्या बांधावरच्या देवाला सातबारा नव्हता. इथल्या आगऱ्यांच्या खारजमिनींच्या बांधांवर राखणदार होते. त्यांना वर्षाला कोंबडं, नारळ मिळायचा. जमिनी संपादित झाल्या, बांध बुजले, राखणदार कुठे गेले याची नोंद कुठल्याच निवाड्यात नाही. विमानतळासाठी दहा गावं उठली, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, कोंबडभुजे, तरघर वगैरे. त्यांच्या देवांनाही उठावं लागलं. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं तेव्हा मी टीव्हीवर धावपट्टी बघत होतो आणि मनात हिशेब करत होतो की या काळ्या पट्ट्याखाली कुणाकुणाची ठाणी असतील.

29 सप्टेंबर 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नका असा आदेश दिला. राज्यानं 2011 मध्ये जुन्या बांधकामांची अ, ब, क अशी वर्गवारी ठरवली. नियमित करायची, पाडायची, हलवायची. आदेश चूक नाही. रस्त्यात रातोरात उगवणाऱ्या देवळा-दर्ग्यांमागे भक्ती कमी आणि चौरस फूट जास्त असतात, हे आपण सगळेच जाणतो. पण या कागदी कारभाराचा एक परिणाम झाला. प्रत्येक ठाण्याला विचारलं गेलं, तू कुणाचा? हिंदू असशील तर धर्मादाय आयुक्ताकडे जा, 1950 च्या कायद्याखाली. मुसलमान असशील तर वक्फ मंडळाकडे, 1995 च्या कायद्याखाली. आणि वक्फचा कायदा 2025 मध्ये बदलला तेव्हा "वापरामुळे वक्फ" ही कल्पनाच पुढच्यासाठी काढून टाकली. म्हणजे लोक शतकभर जातात एवढ्यावर आता काही सिद्ध होत नाही. जो दोघांचा आहे त्याच्यासाठी रकानाच नाही. त्याला पाटी लावावी लागते, आणि पाटी लागली की रंग लागतो.

याचं टोक बघायचं तर इथून फार लांब जायला नको. कल्याणजवळ मलंगगड. हाजी मलंगांच्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. तिथे हिंदू-मुसलमान दोघे जात. 1980 च्या दशकात ठाण्याचे आनंद दिघे यांनी ही मच्छिंद्रनाथांची समाधी आहे म्हणून आंदोलन उभं केलं. गडाला दोन नावं आधीपासून होती, भांडण नव्हतं. "दोन्ही" हे उत्तर संपलं आणि "कुठलं तरी एक" सुरू झालं, तेव्हा बंदोबस्त लागला. 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीत, जिथे कानिफनाथांना शाह रमजान म्हणूनही ओळखत आले, ग्रामसभेनं यात्रेत मुसलमानांना दुकानं लावू देणार नाही असा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द ठरवला, हे बरं झालं. पण खेड्यानंही शहराचा रकाना उचलला, हे त्यातून दिसलं.

आता माझ्याच विरुद्ध एक गोष्ट मांडतो, नाहीतर हा लेख नुसता उसासा होईल. माझे एक सहकारी आहेत, बौद्ध, विटा भागातले. मानकऱ्यांच्या यादीची माझी खंत मी त्यांना सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचा मान गेला म्हणून तुम्हाला वाईट वाटतं. आमच्या आज्यालाही त्या यात्रेत मान होता. रेडा ओढायचा मान, मेलेलं उचलायचा मान. 1956 नंतर आमच्या बापानं तो मान फेकून दिला आणि मुंबईची गाडी धरली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावातली सोयरीक पायरीपायरीनं उभी होती हे खरंच आहे. मुलाण्याची पायरी महाराच्या वर होती, म्हणून मला ती गोड आठवते. मिरजेच्या मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, याचं आम्ही कौतुक सांगतो. वर्षाच्या बाकी दिवसांचं सांगत नाही. सहकाऱ्यांच्या विहारात मी वंदनेला गेलो आहे. तिथे कुणाला मान नाही, सगळे एका सतरंजीवर. ते शहरानं दिलं. ते परत द्या असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

म्हणून मला जुनं गाव नको आहे. शेजाऱ्याकडे जायचं काहीतरी कारण हवं आहे. बलुत्याचं नको, दुसरं.

असं कारण अजून शिल्लक असलेली एक जागा कळंबोलीतच आहे, आणि ती कुठल्या प्लॉटवर नाही. गावठाणातली गावदेवी. सिडकोच्या सरळ रेघांच्या नकाशात गावठाण म्हणजे एक वेडावाकडा ठिपका. आगऱ्यांच्या जमिनी गेल्या, पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, चाळी उठल्या, देऊळही टोलेजंग झालं. पण त्या चाळींतून राहतात कोण? बिहारी, यूपीवाले, वऱ्हाडी, मराठवाड्याचे. गावदेवीची पालखी निघते तेव्हा ती याच बोळांतून जाते, कारण तिचा रस्ता तोच आहे. भाडेकरू बायका उंबऱ्यावर पाणी शिंपडतात, ओटी भरतात. त्यांना तिचं नाव, तिची कथा ठाऊक नसते. "यहाँ की माई है," एवढंच. एका वर्षी पालखी थांबली त्या दारात बुरखा घातलेली एक म्हातारी लेकराला कडेवर घेऊन नुसती बघत उभी होती. पालखीवाल्यानं तिच्या नातवाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिनं तो त्याला खाऊ दिला. मला वाटतं, इथली देवी अशी असते. ती कुणाच्या प्रांताची नसते, ज्या जमिनीवर आपण झोपतो त्या जमिनीची असते.

शाळेत दरवर्षी नववीला "आमच्या गावची यात्रा" हा निबंध देतो. उर्दू माध्यमाची मुलं, मराठी तिसरी भाषा. पूर्वी मुलं गाइडमधला पाळणा आणि रेवड्या उतरवून काढायची. गेल्या वर्षी विषय बदलला, "आमच्या गल्लीतून जाणारी मिरवणूक". पानं भरून आली. ढोल, ताबूत, गणपती, जुलूस, नगरकीर्तनातला लंगर, पालखी. एका मुलीनं लिहिलं होतं की जयंतीच्या मिरवणुकीत तिच्या अब्बांनी सरबत वाटलं आणि नंतर त्याच लोकांनी ईदला वाटायला बर्फ आणून दिला. व्याकरण वाईट होतं. मी दहापैकी नऊ दिले.

माझं म्हणणं सिडकोला आणि पनवेल महापालिकेला एवढंच आहे की जुनी ठाणी शिल्लक असतील तिथे ती नकाशात "जुनं ठाणं" म्हणून दाखवा, पाटीचा हट्ट धरू नका. आणि नवा भूखंड देताना संस्थेला विचारा की तुमच्या सभागृहात शेजारच्या गल्लीचं लग्न होऊ द्याल का. नाही म्हणाले तर बाजारभाव घ्या. आपल्या मशिदींच्या कमिट्यांनाही हाच प्रश्न लागू. आपण तरी शेजाऱ्याला आत किती वेळा बोलावतो?

यंदाचं प्रूफ परवा आलं. "पुजा" तशीच, "आर्शिवाद" तसाच. या वेळी वेलांट्यांच्या जोडीला मानकऱ्यांच्या यादीत शेवटी एक ओळ वाढवली, "मुलाणी". खाली तात्यांना लिहिलं, कापायचं नाही हे माहीत आहे, होमालाही मी बसणार नाही. पंगतीत वाढायला येईन. पहिल्या पंगतीला आमटी माझ्याकडे द्या. पत्रिका उद्या छापायला जाणार आहे.